शुस, नवापूर, वडापाव

पहाटे पाच चाळीसला आत्याचा गुलाब येतो. गुलाबावर दव, दवाखाली सुविचार, सुविचाराखाली 'शुभ सकाळ' आणि त्याच्याही खाली कुठल्यातरी सराफाचा नाहीतर भावी नगरसेवकाचा फोन नंबर. आत्या पार्ल्याला राहते आणि सहाला उठणाऱ्यांना आळशी समजते. मग डोंबिवलीचे काका हात जोडतात, पनवेलची वहिनी सूर्योदय पाठवते (खरा सूर्य अजून उगवायचा असतो), आणि मी गोरेगावहून चर्चगेटची धीमी गाडी पकडेपर्यंत घराण्याच्या ग्रुपवर एकोणीस शुभ सकाळी जमलेल्या असतात. घराण्यात माणसं ४३. उरलेले चोवीस झोपलेले किंवा माझ्यासारखे चोर.

हा खेळ सुरू झाला तो एका अडकलेल्या गाडीत. वांद्रे आणि माहीमच्या मध्ये गाडी थांबलेली, खिडकीतून खाडीचा वास, डोक्यावरचा पंखा नुसता आवाजापुरता. ग्रुपवर चुलतभावाच्या मुलीचा वाढदिवस चालला होता. अठरा जणांनी एकच वाक्य लिहिलं होतं, त्यातल्या निम्म्यांनी वरच्याचं उचलून चिकटवलेलं, कारण 'हार्दीक'मधली दीर्घ वेलांटी सलग नऊ ठिकाणी तशीच होती. मी ग्रुप सोडून फक्त धाकट्या भावाला लिहिलं, 'वाहाशु.'

मिनिटभर शांतता. मग त्याचं आलं, 'मोहोसुहो.'

मोठी हो, सुखी हो. आत्याचं ठरलेलं वाक्य. मी डब्यात एकटीच हसले आणि समोरच्या बाई पदर सावरून दुसरीकडे बघायला लागल्या.

तेव्हापासून आमच्या दोघांचा एक शब्दकोश आहे. वही नाही, फोनमधल्या नोंदी. नियम एकच, शब्द उच्चारता आला पाहिजे. शुस म्हणजे शुभ सकाळ, गुशुस म्हणजे गुलाबासह. फोटो छान म्हणजे फोछा. सासरकडचा फोटो असेल तर अफो, अप्रतिम. विपाफो म्हणजे विमानतळावर पाय पसरून काढलेला फोटो. हा काढल्याशिवाय आमच्या घराण्यातलं कुणी परदेशी जाऊ शकत नाही, पासपोर्टवर तसा शिक्का असावा. एप्रिल-मेमध्ये आंफोआंना, म्हणजे आंब्याचा फोटो, आंबा नाही. 'चांगला प्लंबर सुचवा'चं चांप्लसु केलं होतं, पण ते म्हणताना तोंडातून पाणी उडतं म्हणून बाद.

पावसाळ्यासाठी एक अख्खी धातुरूपावलीच आहे. सापाका, हिंपाका, अंपाका. सायनला पाणी आहे का, हिंदमाताला पाणी आहे का, अंधेरी सबवेला पाणी आहे का. उत्तर एकच, 'आहे', त्यामुळे त्याचं लघुरूप करायची गरज पडली नाही.

या सगळ्यात भावाचं नवापूर अव्वल. घरगुती औषधं, आकाशातून आज रात्री येणारे घातक किरण, युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला दिलेला तो कधीही न दिलेला पुरस्कार, हे सगळं ज्या वेगाने पुढे ढकललं जातं त्याला शब्द हवा होता. 'न वाचता पूर्ण, रवाना.' न-वा-पू-र. आता गंमत अशी की नवापूर हे खरोखरीचं स्टेशन आहे, महाराष्ट्र-गुजरातच्या हद्दीवर, अर्धा फलाट इकडे आणि अर्धा तिकडे. म्हणजे अर्धवट वाचलेल्या मजकुराला याहून योग्य पत्ता नाही. २०१८च्या जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, तेव्हा काका दुखावले होते. पाच जणांना पाठवल्यावर उरलेल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, असा एक वेगळा मेसेज त्यांनी लिहिला, आणि तोही पाच-पाच करून सगळ्यांना पाठवला.

मराठीला हे जमतं कसं, यावर आमची एकदा रात्री अकरा वाजता गंभीर चर्चा झाली. इंग्रजी लघुरूप बहुतेक वेळा एकेक अक्षर सुटं म्हणावं लागतं, ओ-एम-जी. आपल्या अक्षराला जन्मतःच स्वर चिकटलेला. काना, मात्रा, वेलांटी सगळं घेऊनच ते येतं, त्यामुळे चार अक्षरं शेजारी उभी केली की आपोआप काहीतरी नाव तयार होतं. तानापिहिनिपाजा हे काय आहे? तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. चौथीतल्या पोराला ते लांबच्या मामाचं नाव वाटतं, आणि साठ वर्षांनीही इंद्रधनुष्य दिसलं की आधी मामा आठवतो, मग रंग. शेकाप, अंनिस, मनसे. पक्ष असो की समिती, आपण नाव ठेवतानाच त्याची हाक कशी होईल ते बघतो.

शब्दकोश बाबांच्या हाती लागला तो भावाच्या निष्काळजीपणामुळे. त्याने 'आत्याचं गुशुस आलं' असं चुकून घरातल्या चौघांच्या ग्रुपवर टाकलं. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, मग परत खाली घेतला आणि म्हणाले, "यात नवीन काय आहे?"

बाबा तारखात्यातले. हुतात्मा चौकाजवळच्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात त्यांची सगळी नोकरी गेली, मुलुंड ते व्हीटी, हातात डबा आणि कानात कडकट्ट. त्यांचं म्हणणं, जीएम म्हणजे गुड मॉर्निंग हे तारवाले मोबाइलच्या शंभर वर्षं आधीपासून एकमेकांना ठोकत आलेत. शुभेच्छांचे तर नुसते क्रमांक होते. दिवाळीचा एक, ईदचा एक, नाताळचा एक, परीक्षेत पास झाल्याचा एक, लग्नाचा एक. इकडून आकडा जायचा, तिकडचा माणूस त्या आकड्याचं पूर्ण वाक्य कागदावर उतरवायचा आणि पोस्टमन ते दारात आणून द्यायचा. "कुणाला वाईट वाटलं नाही कधी," बाबा म्हणाले. "उलट तार उघडून त्यात लग्नाच्या शुभेच्छा निघाल्या की लोक रडायचे. त्यांना वाटायचं कुणीतरी गेलं."

भाऊ हार मानणाऱ्यातला नाही. त्याने कुठूनतरी शोधून आणलं की ओएमजी हे १९१७ साली एका ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने, लॉर्ड फिशरने, चर्चिलला लिहिलेल्या पत्रात आहे. बाबांनी विचारलं, "पुढे अर्थ लिहिला होता का?" होता. फिशरने लगेच कंसात 'ओह माय गॉड' असं सोडवून दिलं होतं. "मग ते लघुरूप कसलं? समजावून सांगावं लागलं की."

बाबांच्या मेसेजांच्या शेवटी ७३ असतं. तारयंत्रावर बसणारे आणि हौशी रेडिओवाले जगभर हा आकडा 'सप्रेम नमस्कार' म्हणून वापरतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या तारवाल्यांनी पाडलेली प्रथा. आम्हाला लहानपणापासून सवय. पण बाबा घराण्याच्या ग्रुपवर आले आणि पहिलाच मेसेज त्यांनी '७३' असा संपवला, तेव्हा आत्याने जाहीर लिहिलं, 'दादा, वय कशाला चोरतोस? तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठा!' खाली बारा हसरे चेहरे. बाबांनी खुलासा केला नाही. पुढच्या मेसेजच्या शेवटी पुन्हा ७३.

त्याच यादीत आणखी एक आकडा आहे, ८८. तो मात्र बाबांनी आम्हाला कधी शिकवला नाही. भावाने शोधला. प्रेम आणि पापे.

१४ जुलै २०१३ला तार सेवेचा शेवटचा दिवस होता. शेवटची तार करायला लोकांची झुंबड उडाली होती, आठवण म्हणून. मी बाबांना म्हटलं, चला, जाऊन येऊ, मीपण तुम्हाला एक करते. त्यांनी टीव्हीवर ती रांग बघितली आणि म्हणाले, "आजारी होती तेव्हा कुणी आलं नाही." मग उठून झाडांना पाणी घालायला गेले. अर्धा तास पाणी घालत होते. आमच्या गॅलरीत चार कुंड्या आहेत.

तार तरी शब्दामागे पैसे मोजायची, म्हणून लघुरूपं समजू शकतो. पण पोस्टकार्डाला वजन नव्हतं की शब्दांची मोजणी नव्हती, तरी आजोबांच्या राजापूरहून येणाऱ्या कार्डात निम्मा मजकूर टिंबांचा. चि., सौ., अ.उ.आ. म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. उत्तर जायचं त्यात ती. आणि सा.न.वि.वि. शेवटी ता.क., आणि ताजा कलमातच खरी बातमी, की म्हैस व्यायली किंवा सीताबाईंच्या खटल्याचा निकाल लागला. वरचं सगळं म्हणजे पायपुसण्यावर पाय पुसणं. ते कुणी वाचत नाही, पण पुसले नसते तर घरात आरडाओरडा झाला असता.

त्यातलं मला सगळ्यात आवडणारं लघुरूप ह.मु. आहे. हल्ली मुक्काम. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नपत्रिकेत मु.पो. अमुक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी आणि मग ह.मु. मुलुंड. बाबा १९६४ साली मुंबईत आले. माझ्या लग्नाच्या पत्रिकेतही ह.मु. होतं, भावाच्याही. साठ वर्षांचं 'हल्ली'. माझ्या भाचीला मी विचारलं, ह.मु. म्हणजे काय माहितीये का? ती म्हणाली, "हसरा मुखडा?"

एसएमएस आला तेव्हा लांबी पुन्हा मोजावी लागली, आणि तिथे मराठीची पंचाईत झाली. रोमन लिपीत एका एसएमएसात १६० खुणा बसतात, देवनागरीत ७०. शिवाय यंत्राच्या हिशेबात काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडला तर तोही वेगळा. 'शुभेच्छा' आपल्याला तीन अक्षरं वाटतात. यंत्र त्याचे आठ धरतं. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' एवढ्यालाच २९ जातात. सत्तरातले एकोणतीस गेल्यावर वाढदिवस कुणाचा हे लिहायला जागा राहते, पण त्याच्याविषयी काही म्हणायला राहत नाही. त्यात दिवाळी-पाडव्याला कंपन्यांची स्वस्तातली पॅकं चालायची नाहीत, प्रत्येक एसएमएसला पूर्ण पैसे. म्हणून आपण सगळे रोमन अक्षरांत मराठी लिहायला शिकलो आणि 'काकू' लिहिताना दोन 'ओ' टाकायला लागलो. आता जागा अमर्याद आहे. लिहायचं तेवढं लिहा. आणि बघा, सगळे काय लिहितात. वाहाशु.

जाता जाता मुंबईचा एक गुण सांगते, कारण हे शहर पूर्ण नावाची फारशी पर्वा करत नाही. जेव्हीएलआर म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, हे रिक्षावाल्याला पूर्ण सांगून बघा, तो तुमच्याकडे पर्यटक म्हणून बघेल. मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर कसाऱ्याच्या गाडीला एन आणि कर्जतच्या गाडीला एस. लाखो माणसांनी आयुष्यभर हे बघितलं आणि त्यात काही विचित्र आहे असं म्हटलं नाही. पण खरी कमाल माटुंग्याला. १८८७ साली सुरू झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट. १९९७ला नाव बदललं, वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट. महाराणी गेल्या, राजमाता आल्या, व्हीजेटीआय जागच्या जागी. बेस्टमधला बॉम्बे जाऊन बृहन्मुंबई आला, ट्रामवेज जाऊन ट्रान्सपोर्ट आला, बस तीच. बीएमसीचंही तेच. या शहरात नाव बदलायला हरकत नाही, फक्त आद्याक्षरांना धक्का लावू नका. लोकांना कामावर जायचंय.

शब्दकोशात एक नोंद आम्ही कधी थट्टेत वापरत नाही. भापूश्र. ती आमची नाहीच, सगळीकडे चालते. पहिल्यांदा कुणीतरी सरळ तेवढंच लिहिलेलं बघितलं तेव्हा मला रागच आला होता. दोन शब्द पूर्ण लिहायला काय होतं? मग आमच्या सोसायटीतल्या, खालच्या मजल्यावरच्या काकू गेल्या. सोसायटीच्या ग्रुपवर ५६ भावपूर्ण श्रद्धांजल्या, पाच-सहा भापूश्र, एक नुसता हात जोडलेला. मी दोनदा काहीतरी वेगळं लिहायला घेतलं. काकू जिन्यात भेटल्या की माझ्या पिशवीत डोकावून भाजीचा भाव विचारायच्या आणि 'फसवलं तुला' म्हणायच्या, ते लिहावंसं वाटलं. खोडलं. शेवटी वरच्याचं उचलून चिकटवलं. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा लिफ्टमध्ये भेटला. म्हणाला, "सगळे मेसेज वाचले हो. म्हणजे मजकूर नाही वाचला. नावं वाचली." भापूश्रवाल्यांचीही वाचली होती. तळमजल्यावरच्या, काकूंशी पार्किंगवरून आठ वर्षं न बोलणाऱ्या गृहस्थांनी भापूश्र लिहिलं होतं, ते त्याने मला मुद्दाम सांगितलं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "तारेत पण तसंच. लोक आधी खालचं नाव बघायचे, मग मजकूर."

आता वडापाव.

एका रविवारी भावाने पैज लावली, आयुष्यात फार तर एकदा वापरता येईल असं लघुरूप कर. बराच वेळ खपून मी केलं, 'वडिलांचा डावा पाय वाकडा.' वडापाव. खरं तर पाय मुरगळतो, पण वडापाम कुणी खात नाही. शिवाय आम्ही बाबांना बाबा म्हणतो, वडील नाही, पण बडापाव ऐकायला बरं वाटेना. पैज जिंकले, कांदेपोहे खाल्ले, विसरले.

दीड वर्ष गेलं. जुलैचा महिना, संध्याकाळचे पावणेसात, मी चर्चगेटहून सुटलेल्या गाडीत, एका हातात कडी, दुसऱ्यात ओली छत्री आणि फोन. त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मुलुंडला माहेरी जायचं की नाही हे ठरत नव्हतं, भावाला तसं कळवलं होतं. त्याचा मेसेज आला, 'वडापाव.'

मी लिहिलं, 'मला दोन. सुकी चटणी जास्त.'

'अगं वडापाव!!'

'हो कळलं. मिरचीपण.'

मग फोन वाजला. गर्दीत कानाशी धरला तर तो ओरडत होता, "बाबा मुलुंड स्टेशनच्या पुलाच्या पायरीवरून घसरले, पाय मुरगळलाय, मी डॉक्टरकडे आलोय त्यांना घेऊन!" मी ओरडून विचारलं, "डावा?" अख्खा डबा माझ्याकडे बघायला लागला. तो म्हणाला, "उजवा! पण वउपाव लिहिलं असतं तर तुला कळलं असतं का?"

दादरला उतरून मध्य रेल्वेच्या पुलावर चढताना मला हसूही येत होतं आणि पाय थरथरतही होते. मुलुंडला पोचले तर बाबा पाय उशीवर ठेवून बसलेले, घोट्याला क्रेप बँडेज, हाड शाबूत. समोर बशीत खरोखरचे वडापाव. भावाने येताना आणले होते, माझे दोन वेगळे बांधून, सुकी चटणी जास्त. बाबांना सगळं कळलेलं होतं. ते म्हणाले, "संकेत ठरवला की दोन्ही टोकांना तोच तक्ता लागतो. आमच्याकडे आकडा चुकला तर बारशाच्या घरी लग्नाची तार जायची. मेमो मिळायचा." आणि भावाकडे बघून, "याला मेमो द्या."

तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी सात वाजता मला 'पो?' विचारतात. हा त्यांनी स्वतः केलेला शब्द, आमच्या कोशात त्यांची एकमेव भर. मी 'पो.' लिहिते. २००५च्या २६ जुलैला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या रात्री, मी फोर्टातल्या ऑफिसात टेबलावर झोपले होते. 'ऑफिसातच आहे, ठीक आहे' असा एसएमएस संध्याकाळी सहाला केला होता, तो त्यांना मिळाला दुसऱ्या दिवशी दुपारी, मी स्वतः घरी पोचल्यावर. त्यांनी तो तरीही उघडून वाचला होता, माझ्यासमोर, पूर्ण.

मागच्या महिन्यात आईला पंचाहत्तर पूर्ण झाली. मुलुंडला आम्ही सगळे जमलो होतो. दुपारी जेवणं झाल्यावर आई पलंगावर फोन घेऊन बसली आणि ग्रुपवरचे मेसेज एकेक करत मोठ्याने वाचायला लागली, नाव आणि मजकूर. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, हार्दीक दीर्घ, केक, केक, आत्याचा गुलाब. बाबा खिडकीशी आरामखुर्चीत, त्यांच्या फोनवर काहीतरी करत होते. एका बोटाने, सावकाश, जुन्या सवयीने मनगट उचलून.

आईचा फोन वाजला. ती वाचायला गेली आणि थांबली.

ग्रुपवर बाबांचा मेसेज होता. '८८.'

दोन मिनिटांत आत्याचं उत्तर, 'अरे दादा, वहिनी पंच्याहत्तरचीच आहे! तुला झालंय तरी काय?' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. भावाने माझ्याकडे बघितलं, मी भावाकडे. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

आईने फोन पालथा ठेवला. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. अडीच वाजले होते. आमच्याकडे चहा चारला होतो.